घरचाच वाटाड्या

आंब्यावरचे बांडगूळ वरवर तोडले तरी पुन्हा फुटते, कारण त्याचे मूळ फांदीत शिरलेले असते. एड्सचा विषाणू एचआयव्ही याहून बेरकी. तो रक्तातल्या पांढऱ्या पेशीत शिरतो, आपल्या आरएनएवरून डीएनए बनवतो आणि तो चक्क आपल्या गुणसूत्रात जोडून देतो. जोडणीचे हत्यार, इंटिग्रेज, त्याचे स्वतःचे. पण जोडायचे कुठे? इथे घरचाच माणूस वाट दाखवतो! एलईडीजीएफ नावाचे आपलेच एक प्रथिन आहे. त्याने एका टोकाने गुणसूत्र धरलेले असते. दुसऱ्या टोकाला इंटिग्रेज येऊन चिकटते. २००३ साली बेल्जियममधील लूव्हेनच्या संशोधकांनी ही जोडी उजेडात आणली. हे प्रथिन कामकाज चालू असलेल्या जनुकांपाशी वावरते, म्हणून विषाणूलाही कसदार जमीनच मिळते. बिचाऱ्या प्रथिनाचा यात काय दोष? ते आपले रोजचे काम करीत असते.

डोल्युटेग्राविर ही गोळी इंटिग्रेजला अडवते, नवी जोडणी होऊ देत नाही. आधी जोडलेले मात्र तसेच राहते. म्हणून तपासणीत विषाणू दिसेनासा झाला तरी औषध सोडू नये. सोडले की बहुधा काही आठवड्यांतच तो पुन्हा डोके वर काढतो.