दमेकरी लेकराची भूल : दमा समजून ॲलर्जी सुटता कामा नये

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाल्यापासून अंगणवाडी आणि शाळांतील तपासणीतून खेड्यापाड्यांतली मुलं मोफत शस्त्रक्रियेसाठी पुढं पाठवली जातात. त्यातलं एखादं लेकरू दमेकरी असतं. मिळालेली तारीख हुकेल या भीतीनं काही घरचे दमा सांगतच नाहीत. धोका तिथूनच सुरू होतो.

भुलीच्या वेळी दिलेली स्नायू सैल करणारी औषधं, अँटिबायोटिक, त्वचेला लावायचं क्लोरहेक्सिडिन, रबरी हातमोज्यांतलं लॅटेक्स यांची तीव्र ॲलर्जी क्वचितच होते. पण झाली तर काही मिनिटांत जिवावर बेतते. जागं लेकरू खाज सुटली, घसा आवळला म्हणून सांगतं. भुलीतलं सांगू शकत नाही. अंगावर कापड असल्यानं पुरळही चटकन दिसत नाही. श्वासनळ्या आवळतात, ऑक्सिजन घसरतो, रक्तदाब पडतो.

घोळ होतो तो इथं. मूल दमेकरी असलं की हा दम्याचाच झटका समजून नुसत्या पंपाच्या औषधावर वेळ जाऊ शकतो. सोबत रक्तदाबही पडत असेल तर ॲलर्जी धरूनच चालावं लागतं. तिच्यावर पहिलं औषध ॲड्रिनॅलिन. मांडीच्या स्नायूत द्यायचं तर किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम, एका वेळी जास्तीत जास्त ०.५. सोबत संशयित औषध बंद, पूर्ण ऑक्सिजन आणि शिरेतून सलाईन. ॲलर्जीची इतर इंजेक्शनं, स्टिरॉइड यांचा नंबर त्यानंतर.

ॲड्रिनॅलिन स्वस्त आहे, अडचण माणसांची आहे. ग्रामीण रुग्णालयात पूर्णवेळ भूलतज्ज्ञ नसणं नवं नाही. एमबीबीएस डॉक्टरांसाठी भूल प्रशिक्षण आहे, पण ते तातडीच्या बाळंतपणासाठी आखलेलं. दमेकरी लेकरासाठी नव्हे. म्हणून तातडी नसेल तर अशा मुलांची शस्त्रक्रिया मुलांचा अतिदक्षता विभाग असलेल्या मोठ्या दवाखान्यातच व्हावी. गावातून पाठवतानाच कागदावर दमा आणि ॲलर्जीची नोंद झाली, तर हे आधीच ठरवता येतं.

पालकांच्या हातातही बरंच आहे. रोजचा पंप डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय बंद करू नये, ऑपरेशनच्या दिवशीही नाही. सर्दी-खोकला झाला असेल तर लपवू नये. डॉक्टर शस्त्रक्रिया काही आठवडे पुढं ढकलतील, पण तारीख पुन्हा मिळते. आणि आधी कुठल्या औषधानं त्रास झाला असेल, तर त्याचं नाव डॉक्टरांकडून लेखी मागून घ्यावं. ती चिठ्ठी लेकराच्या फाईलला कायम लावून ठेवावी.