आमची भुतं हिंदी का बोलतात?

२०२२ ची भाऊबीज. दरवर्षीप्रमाणे निपाणीला ताईकडे गेलो होतो. ओवाळून झालं, फराळ झाला आणि भाच्याने हळूच विषय काढला, "मामा, उद्या बेळगावला 'कांतारा' बघूया की."

भावोजींनी पेपर खाली ठेवला. तंबाखूच्या वखारीत दिवाणजी म्हणून आयुष्य काढलेला माणूस. १ नोव्हेंबरला न चुकता दंडाला काळी फीत बांधतात. १९५६ साली याच तारखेला सीमाभाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला, तो घाव त्यांच्या घरात अजून ओला आहे. म्हणाले, "काळा दिन आठवड्यावर आलाय आणि मामा-भाचे कानडी सिनेमाला निघालेत!"

"हिंदीतपण लागलाय, पप्पा."

"मग ठीक आहे," म्हणाले आणि पेपर पुन्हा वर केला.

मंडळी, हे 'मग ठीक आहे' तेव्हापासून माझ्या डोक्यात बसलं आहे. आजचा सगळा लेख त्या तीन शब्दांवर आहे.

सिनेमा आम्ही कानडीतच पाहिला. भाचा शाळेत कानडी शिकलेला, माझं कानडी 'बेकू-बेडा'च्या पुढे जात नाही. पण कुठे अडलं नाही. राजाने दिलेली जमीन, ती परत गिळायला टपलेला जमीनदार, जंगल, वनखात्याचा साहेब, आणि या सगळ्यांवर नजर ठेवून बसलेले पंजुर्ली आणि गुळिग. शेवटी नायकाच्या अंगात दैव येतं तेव्हा ती आरोळी ऐकून माझ्या अंगावर काटा आला. हे मी पाहिलेलं होतं! आपल्याकडे अवसर येतो तो दुसरं काय असतो? गावाची शीव राखणारा, रोट आणि सोरो घेणारा, रात्री काठी आपटत फिरणारा आपला राखणदार देवचार तुळुनाडूत वेगळ्या नावाने नांदतो, इतकंच. देवचाराला आपण विडीही ठेवतो. त्या विडीतला तंबाखू बहुधा निपाणीकडचाच असेल हे त्या दिवशी पहिल्यांदा सुचलं आणि हसू आलं.

थिएटरात आमच्या आजूबाजूला मराठीच कुजबुज होती. पुढे सव्वा महिन्याने, ६ डिसेंबरला, बेळगावजवळ हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यापाशी महाराष्ट्राच्या नंबराच्या ट्रकांवर दगड पडले, बसगाड्या थांबल्या. २०२५ च्या फेब्रुवारीत उलट झालं, मराठी येत नाही म्हणणाऱ्या कानडी कंडक्टरला मारहाण झाल्याची तक्रार झाली आणि पुन्हा बसगाड्या थांबल्या. मला दोन्हीची लाज वाटते. पण त्याहून मोठी गोष्ट या आरडाओरड्यात कुणाच्या लक्षात येत नाही. पुढच्या दाराशी आपण कानडीशी भांडतो आहोत आणि मागच्या दाराने घरातली भुतंखेतं हिंदीच्या स्वाधीन करतो आहोत. आणि म्हणतो आहोत, मग ठीक आहे.

हिशेबच मांडतो, कारकुनाला तेवढंच येतं.

'तुंबाड' (२०१८). दिग्दर्शक राही अनिल बर्वे. गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं, माणसं कोकणी ब्राह्मण, वाडा आपला, पाऊस आपला, मूळ प्रेरणेत नारायण धारप. भाषा हिंदी. २०२४ च्या सप्टेंबरात पुन्हा लागला तेव्हा मी दुसऱ्यांदा पाहिला. भयपट म्हणून मला तो आपल्या देशातल्या पहिल्या दोन-तीनांत वाटतो, यात वाद नाही. पण ती म्हातारी आजी हिंदीत बोलते तेव्हा माझी भीती क्षणभर उतरते. आजी हिंदीत कशी बोलेल हो?

'मुंज्या' (२०२४). दिग्दर्शक आदित्य सरपोतदार, ज्यांनी २०२२ साली 'झोंबिवली' मराठीत केला होता. पिंपळ, मुंज, कोकण सगळं आपलं. भाषा हिंदी, मराठी फक्त फोडणीपुरती. शंभर कोटींच्या वर गल्ला.

'लपाछपी' (२०१७). विशाल फुरिया यांनी मराठीत केला. उसाच्या फडात अडकलेली गर्भवती बाई आणि त्या घराने मारलेल्या मुलींचं पाप. निपाणी-चिकोडीकडून रात्री बसने येताना दोन्ही बाजूंना ऊसच ऊस असतो. तो सिनेमा पाहिल्यापासून मी खिडकीबाहेर बघत नाही. आपल्यापैकी किती जणांनी तो थिएटरात पाहिला? त्याच दिग्दर्शकाने २०२१ मध्ये तो 'छोरी' म्हणून हिंदीत केला, मग देशभर चर्चा.

विज्ञानपटांचं तेच. नागपूरच्या आरती कडव यांच्या 'कार्गो'त राक्षस अंतराळयानात बसून मेलेल्या माणसांची पुढच्या जन्माची कागदपत्रं पुरी करतो. माझ्या कचेरीचं इतकं खरं चित्र दुसऱ्या कुठल्या सिनेमात नाही! तोही हिंदीत. आणि निपाणीपासून तासाभरावरच्या कोल्हापुरात जन्मलेल्या जयंत नारळीकरांनी १९७४ साली टोपणनावाने मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला कथा पाठवली होती. कृष्णविवर मराठीत मावतं हे त्यांनी तेव्हाच दाखवलं. २०२५ च्या मे महिन्यात ते गेले. 'वामन परत न आला'वर दणदणीत मराठी सिनेमा पाहायची माझी इच्छा मात्र राहूनच गेली आहे. २०१६ साली 'फुंतरू' नावाचा मराठी विज्ञानपट आला होता. आठवतो का? नाही ना? मग दोष एकट्या निर्मात्यांचा कसा म्हणायचा?

यावर ठरलेलं उत्तर मिळतं : मराठीला बाजार नाही, असल्या सिनेमांना खर्च फार. खर्च लागतो, मान्य. पण 'सैराट' (२०१६) करमाळ्याच्या बोलीत होता, लोकांनी गर्दी केली. 'रात्रीस खेळ चाले' मालवणीत होती, लोक दिवे लावून बघत होते. आणि माझ्या लहानपणचा 'झपाटलेला' (१९९३) आठवा. बाहुल्याची कल्पना अमेरिकेतून उसनी आणलेली, पण तात्या विंचूची जीभ अस्सल मराठी. म्हणून आज तीस वर्षांनंतरही पोरं त्याला ओळखतात. आता उलटं झालं आहे. भूत आपलं आणि जीभ उसनी.

२ ऑक्टोबर २०२५ ला 'कांतारा'चा पुढचा भाग आला. कानडी, हिंदी, तेलुगू, तमिळ, मल्याळम, बंगाली, अगदी इंग्रजीसुद्धा. मराठी नाही. का असावी? मराठी माणूस हिंदीत पाहतोच आणि 'मग ठीक आहे' म्हणतो, हे बंगळुरूलाही कळलेलं आहे.

हे सगळं भाच्याला ऐकवलं, तर त्याने मलाच गप्प केलं. "मामा, ती दैवं तुळू लोकांची. सिनेमा कानडीत. मग कानडीने तुळूचं काय केलं?" बरोबर आहे पोराचं. मोठी भाषा धाकटीची भुतं उचलते, ही रीत एकट्या हिंदीची नाही. पण त्याने पुढे हेही सांगितलं की दैव बोलतं तेव्हा मध्येमध्ये तुळू ऐकू येते आणि ती तशीच ठेवली आहे. म्हणजे ज्याची भीती, त्याच्या भाषेला निदान देव्हाऱ्यात तरी जागा. आम्हाला तेवढीही नको आहे का?

सीमाभागाला तर हे अवघड जाऊच नये. जी. ए. कुलकर्णी याच मातीतले, बेळगाव जिल्ह्यातल्या एकसंब्यात जन्मलेले, धारवाडात इंग्रजी शिकवत मराठीत लिहिणारे. 'काजळमाया' रात्री एकट्याने वाचून बघा, भयपट फिका पडेल. पुलंचे रावसाहेब याच बेळगावचे. त्यांच्या मराठीला कानडी हेल होता म्हणून ती कमी मराठी झाली नाही, उलट महाराष्ट्राने डोक्यावर घेतली. अशा बोलीत एक भयपट करा. उसाचा फड आहे, तंबाखूच्या वखारी आहेत, सौंदत्तीची यल्लम्मा आहे. भूत मराठी बोलेल, मांत्रिक कानडी बोलेल, सीमाभागातल्या कुठल्याही प्रेक्षकाला खाली अक्षरं लागणार नाहीत. आपण गोव्यात राहून नुसता उपदेश करू नये हेही खरं. अमोण्याचा आणि पैंगीणचा वेताळ आपल्याही तोंडाकडे बघतोच आहे.

सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. निकाल लागायचा तेव्हा लागेल, पाट्यांवरची अक्षरं बदलतील किंवा राहतील. पण मुलाला भीती कुठल्या भाषेत वाटते, हे कोर्टाच्या हातात नाही.

ताईच्या घरामागे जुना पिंपळ आहे. तिची सासूबाई होत्या तोवर तिन्हीसांजेला त्या बाजूला पोरांना जाऊ देत नसत. परवा गेलो तेव्हा शेजारचं एक आठ-नऊ वर्षांचं पोर तिथे खेळत होतं. गंमत म्हणून म्हटलं, "अरे, संध्याकाळ झाली, मुंज्या येईल हं."

पोर हसलं. म्हणालं, "काका, तो हिंदी पिक्चरमधला असतोय. हिकडं कशाला येतोय?"

भावोजी ओसरीवरच होते. त्यांनीही ऐकलं. या वेळी 'मग ठीक आहे' म्हणाले नाहीत.

असो.