गाडी पुळणीवर नको!

सबमिशन संपलं की होस्टेलवर एकच चर्चा. कॅम्परव्हॅन भाड्याने काढायची, नाहीतर साध्या व्हॅनमध्ये गाद्या आणि स्टोव्ह टाकायचा, अन् ताम्हिणी उतरून थेट दिवेआगर! झोपायचं गाडीतच, लॉजचा खर्च वाचला. जरूर जा. पण गाडी पुळणीवर उतरवू नका, हे आमचं ठाम मत.

चांदणं हवं म्हणून पब्लिक नेमकी पौर्णिमा गाठतं. त्या दिवशी संध्याकाळी सहाच्या सुमारास ओहोटी असते. ओली वाळू टणक, गाडी मस्त पळते. तीच जागा रात्री बाराला उधाणाच्या पाण्यात! वर पळावं तर कोरड्या वाळूत चाकं रुततात. कोकणातला माणूस तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगतो: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. इंटिग्रेशन करणाऱ्यांना एवढा गुणाकार जड आहे का?

पाण्यात उतरतानाही गावकऱ्यांना आधी विचारा. १ फेब्रुवारी २०१६ला मुरूड-जंजिऱ्याला सहलीचे १४ विद्यार्थी बुडाले. गाडी गावात, कुणाला तरी विचारून अंगणात लावावी. आणि हो, एसीसाठी इंजिन चालू ठेवून झोपू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.