नांदेड-लातूरच्या अंगणात कोणती खुर्ची टिकते? आधी ऊन बघा, मग कॅटलॉग

सेल लागला की मोबाइलवर एक चित्र हमखास दिसतं. हिरवीगार लॉन, त्यावर वेताच्या विणीचा सोफा, जाड पांढऱ्या गाद्या आणि मध्ये काचेचं टेबल. नांदेडच्या सिडको-हडकोत किंवा लातूरच्या औसा रोडला ज्यांनी नुकतंच घर बांधलंय, पुढे दहा बाय पंधराची मोकळी जागा सोडलीय, त्यांना ते चित्र आवडणारच. ऑर्डर जाते, सेट येतो, फोटोही निघतात. मग मे उजाडतो. पारा ४२-४३ वर गेला की त्या सोफ्यावर दिवसा कुणी फिरकत नाही. पांढऱ्या गाद्यांवर धूळ बसते, वळवाच्या पहिल्या पावसात त्या भिजतात आणि आतला फोम दोन दिवस वाळत नाही. दिवाळीपर्यंत सेट गच्चीच्या जिन्याखाली गेलेला असतो.

यात सोफ्याचा दोष थोडा आहे. जास्त दोष निवडीच्या क्रमाचा आहे. आपल्याकडे अंगणातलं फर्निचर घेताना आधी रूप पाहिलं जातं, मग किंमत आणि ऊन सगळ्यात शेवटी. मराठवाड्यात हा क्रम उलटा हवा.

अंगण शोभेचं नाही, झोपण्याचं

हा प्रश्न केवळ सजावटीचा नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि दगडमातीच्या जाड भिंती व माळवद यांच्यावरचा लोकांचा विश्वास उडाला. जड छताखाली माणसं गाडली गेली होती, त्यामुळे ती भीती रास्तच होती. त्यानंतरच्या काळात विटा, सिमेंट आणि स्लॅबची घरं वाढत गेली. पण माळवदाचा मातीचा जाड थर ऊन अडवायचा. स्लॅब दिवसभर ऊन साठवतो आणि संध्याकाळनंतर ती उष्णता खाली खोलीत सोडत राहतो. रात्री दहाला बाहेर वारा सुटलेला असतो आणि आत पंखा गरम हवा फिरवत असतो, हा अनुभव इथे घरोघरी आहे.

हवामान विभागाच्या भाषेत याला ‘उष्ण रात्र’ म्हणतात. दिवसाचं कमाल तापमान ४० अंश किंवा त्याहून जास्त असताना रात्रीचं किमान तापमान सरासरीपेक्षा साडेचार अंश किंवा अधिक वर राहिलं, की तशी नोंद होते. दिवसभर तापलेल्या शरीराला रात्री थंड व्हायला वेळ मिळाला नाही, तर सगळ्यात जास्त त्रास म्हाताऱ्या माणसांना आणि लहान मुलांना होतो. त्यात लाइट गेली तर विचारायलाच नको. म्हणून अंगणात काय ठेवायचं, याचं उत्तर ‘पाहुणे आल्यावर कुठे बसवायचं’ एवढ्यावर थांबत नाही. आजी-आजोबा रात्री बारापर्यंत कुठे टेकतील, हाही त्यातलाच प्रश्न आहे.

सावली कुठून कुठे जाते?

लातूर साधारण १८.४ आणि नांदेड १९.१ अक्षांशावर आहे. म्हणजे मेच्या मध्यावर दुपारी सूर्य अक्षरशः डोक्यावर असतो. त्या वेळी मोठ्या छत्रीची सावली बरोबर छत्रीखाली पडते, म्हणून दुकानात छत्री पटते. पण भरदुपारी अंगणात बसतो कोण? माणसं बाहेर येतात ती पाचनंतर. तोवर सूर्य पश्चिमेला कललेला असतो, छत्रीची सावली पूर्वेकडे कुंपणावर जाते आणि तिरपं ऊन थेट तोंडावर येतं.

उपाय फुकटाचा आहे. बैठक घराच्या पूर्वेला मांडायची. दुपारनंतर घराचीच सावली तिथे पडते आणि ती जमीन लवकर निवायला लागते. जागा पश्चिमेलाच असेल तर पश्चिमेच्या बाजूने उभा आडोसा हवा. त्यासाठी शेतीसेवा केंद्रात मिळणारी शेडनेट पुरते. ५० टक्के, ७५ टक्के अशा प्रतींत ती मिळते आणि रोपवाटिकेसाठी ती घेणाऱ्या शेतकऱ्याला तिची पारख आपल्यापेक्षा जास्त असते. मधुमालती किंवा घोसाळ्याचा वेल चढवला तर आणखी चांगलं. पत्र्याची शेड मात्र फसवी. सावली पडते खरी, पण तापलेला पत्रा वरून उष्णता फेकत राहतो. शेड आधीच असेल तर पत्र्याखाली थोडी फट सोडून नेट किंवा तट्ट्या बांधाव्यात.

दारात कडुनिंब असेल, तर वरचं सगळं विसरून त्याच्याखाली बसावं.

लोखंड, प्लास्टिक, लाकूड आणि दगड

उन्हात शेजारी शेजारी ठेवलेली लोखंडी आणि लाकडी खुर्ची जवळपास सारखीच तापलेली असू शकते, पण चटका लोखंडाचा बसतो. लोखंड हाताला उष्णता झटकन देतं, लाकूड हळूहळू. त्यावरून ‘लोखंड नको’ असा निष्कर्ष काढला जातो, पण तो अर्धाच बरोबर आहे. पातळ पाइपची खुर्ची सावलीत ओढली की थोड्याच वेळात निवते. सिमेंटचं बाकडं किंवा काळ्या कडप्प्याचा कट्टा दिवसभर तापला की रात्री आठ-नऊपर्यंत बुडाला गरम लागतो. पाणी मारून निववता येतो, पण ज्या लातूरने एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने आलेलं पाणी प्यायलं, पहिल्या गाडीतून आलेल्या पाच लाख लिटरसाठी जिथे सगळं शहर डोळे लावून बसलं होतं, तिथे कट्टा थंड करायला पाणी ओतणं कुणालाही रुचणार नाही. कट्टा हवाच असेल तर तो झाडाखाली बांधावा आणि वर शहाबादी फरशी घालावी. ती काळ्या दगडापेक्षा फिकी असल्याने कमी तापते.

आता गंजाबद्दल. इंटरनेटवरचे बहुतेक सल्ले सांगतात की बाहेर ठेवायचं तर ॲल्युमिनियम किंवा स्टेनलेस स्टीलच घ्या. कोकणात, गोव्यात ते खरं आहे, कारण तिथल्या खाऱ्या दमट हवेत साधं लोखंड टिकत नाही. नांदेड-लातूर समुद्रापासून दूर आहे आणि वर्षातले बरेच महिने हवा कोरडी असते. इथे फॅब्रिकेशनच्या दुकानात बनवून घेतलेली साधी लोखंडी खुर्ची नीट रंगवली तर वर्षानुवर्षं चालते. फक्त तीन गोष्टी कारागिराकडून करून घ्याव्यात. पाइप १८ गेजचा, म्हणजे सुमारे १.२ मिलिमीटर जाडीचा असावा. गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो, हे गिऱ्हाइकाला अनेकदा माहीत नसतं आणि २० गेज घालून काम उरकलं जातं. दुसरं, तेलरंगाआधी रेड ऑक्साइडचा हात हवा, विशेषतः वेल्डिंगच्या सांध्यांवर. तिसरं, पायांना खाली रबरी टोप्या हव्यात, कारण गंज नेहमी पाणी साचतं त्या टोकापासून वर चढतो.

प्लास्टिकच्या खुर्च्या प्रत्येक घरात आहेत आणि राहतील. हलक्या, स्वस्त, धुवायला सोप्या. पण सूर्यप्रकाशातले अतिनील किरण प्लास्टिकच्या लांब साखळ्या तोडत जातात. वर्ष-दोन वर्षं उन्हात राहिलेल्या खुर्चीवर बोट फिरवा. बोटाला पांढरट भुकटी लागली तर ती खुर्ची आतून ठिसूळ व्हायला लागली आहे. अशा खुर्चीचा पाय पूर्वसूचना न देता मोडतो आणि बसणारी व्यक्ती सत्तरीची असेल तर गाठ खुब्याच्या हाडाशी असते. अशी खुर्ची फेकवत नसेल तर तिच्यावर कुंडी ठेवावी, माणूस बसवू नये.

वेतासारख्या दिसणाऱ्या विणीतही बहुतेकदा प्लास्टिकची पट्टीच असते. ती चांगल्या पॉलिथिनची आणि अतिनील किरणांना टिकणारी असेल तर ठीक, हलक्या प्रतीची असेल तर तडकते. एक पट्टी तुटली की वीण उसवत जाते, आणि ती पुन्हा विणून देणारा कारागीर गावात सहसा सापडत नाही. शिवाय हे सोफे बुटके असतात. गुडघे दुखणाऱ्या माणसाला बसायची जागा जमिनीपासून सतराअठरा इंच उंच आणि दोन्ही बाजूंना हात टेकायला आधार लागतो. फोटोत हे दिसत नाही.

लाकडात सागाला तोड नाही आणि किनवट-माहूरचं सागाचं जंगल नांदेड जिल्ह्यातच आहे. सागात मुळातच तेल असल्याने तो पाऊस आणि वाळवी दोन्ही बराच काळ सोसतो. नवा साग महाग वाटला तर पाडलेल्या जुन्या वाड्यांचं लाकूड शोधावं. त्याचं बाकडं दोन पिढ्या जाईल. त्यावर चकचकीत व्हार्निश मारू नये, उन्हात त्याचे पोपडे निघतात. पावसाळ्याआधी शिजवलेल्या जवसाच्या तेलाचा हात पुरतो. पाय मातीत टेकवू नयेत, खाली फरशीचा तुकडा ठेवावा.

काळी माती आणि झोपाळा

झोपाळ्याचं वेड सध्या जोरात आहे. खांब पुरून झोपाळा बसवायचा असेल तर पायाखालची माती बघा. या भागातली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. दीड-दोन फूट खोल पुरलेला खांब दोन उन्हाळ्यांत तिरका होतो आणि झोपाळा एका बाजूला कर्र वाजू लागतो. खड्डा मुरूम लागेपर्यंत न्यावा. तेवढी तयारी नसेल तर स्वतःच्या स्टँडवर उभा राहणारा झोपाळा बरा. तो वादळी वाऱ्याआधी सरकवता तरी येतो. एप्रिल-मेमधला वळवाचा वारा छत्र्या आणि गच्चीवरच्या खुर्च्या शेजारच्या आवारात नेऊन टाकतो, आणि २०१४ ची गारपीट ज्यांनी पाहिली ते काचेचं टेबल बाहेर ठेवायचं धाडस करणार नाहीत.

मग घ्यायचं काय?

बाज. हे उत्तर जुनाट वाटेल, पण वरच्या प्रत्येक कसोटीला तीच उतरते. दोरीच्या विणीतून खालून वारा लागतो, घाम वाळतो आणि पाठ थंड राहते. फोमच्या गादीत नेमकं हेच होत नाही. दोन माणसं ती उचलून सावलीबरोबर फिरवू शकतात. पाऊस आला तर भिंतीला उभी करता येते. दोरी सैल झाली तर घरीच ओढता येते, तुटली तर बाजारातून नवी आणता येते. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियात एकाने अशीच बाज ९९० डॉलरला विकायला काढली, तेव्हा तिची जाहिरात भारतभर मोबाइलवर फिरली आणि सगळे हसले. हसण्यासारखी किंमत होती, वस्तू नव्हे.

आता लाकडी चौकटीऐवजी लोखंडी पाइपची चौकट आणि नायलॉनची पट्टी आली आहे. तीही चालेल, फक्त पट्टी दिवसा उन्हात सोडू नये. एक-दोन बाजा, म्हाताऱ्यांसाठी हाताच्या दोन उंच लोखंडी खुर्च्या आणि उरलेल्या पैशांत पश्चिमेचा आडोसा, एवढ्यात दहा बाय पंधराचं अंगण भरतं. सेटच्या पैशांतून आडोशाला काही उरत नाही, हीच त्या सेटची खरी अडचण आहे.

बाज गच्चीवर न्यायची असेल तर ती बनवून घेण्याआधी जिन्याचं वळण मोजावं. सहा फुटी चौकट अरुंद जिन्यात हमखास अडकते. अशा वेळी पाय नटबोल्टने सुटे होणारी करून मागावी. फॅब्रिकेशनवाले ती करून देतात, पण सांगावं लागतं.