मरकताचे माहेर

‘मरकत’ हा शब्द ग्रीक ‘स्मारग्दोस’शी नाते सांगतो, असे वर्गात सांगितले की विद्यार्थी दुखावतात. गरुडपुराणात बलासुराचे पित्त घेऊन निघालेल्या वासुकीवर गरुड झेपावतो आणि सांडलेल्या पित्तातून पाचू जन्मतो. ही कथा त्यांना अधिक आपली वाटते. आम्हालाही ती आवडते. परंतु मोगलांना मोहविणारे पाचू बहुतांशी कोलंबियाचे. पोर्तुगीजांचा गोवा ही त्यांची मोठी पेठ होती. जवाहीर मात्र त्यांना पूर्वेकडील ‘जुन्या खाणीं’चे म्हणत राहिले. २००० साली निजामाच्या खजिन्यातील काही पाचूंची ऑक्सिजन-समस्थानिके तपासली गेली. बहुतेक कोलंबियाचेच निघाले! पुराणकथा अवश्य शिकवावी. मात्र तिच्या शेजारी हा सागरप्रवासही शिकवला जावा, असे आमचे मत आहे.