गढूळ पाणी आणि रंगीत गांडुळे

लक्ष्मी रस्त्यावरच्या दुकानात दिवाळीची साडी निवडणारी गृहिणी पंचवीस साड्यांच्या घड्या मोडल्यावर दुकानदाराला एकच प्रश्न विचारते, "जरा बाहेर उजेडात नेऊन पाहू का?" दुकानदार मनातून कितीही वैतागला तरी प्रश्न शास्त्रशुद्ध आहे. रंग हा वस्तूचा जितका, तितकाच तिच्यावर पडणाऱ्या उजेडाचाही असतो. माणसाला निदान उंबऱ्याबाहेर जायची सोय आहे. खडकवासल्याच्या तलावातल्या माशाला तीही नाही. त्याने जे पाहायचे ते पाण्यातून गाळून आलेल्या उजेडातच!

हा विषय निघण्याचे कारण आमचा पुतण्या. त्याच्या मित्राने अमेरिकेहून त्याला एक डबी पाठवली. डबीत मऊ प्लॅस्टिकची, बोटाएवढी गांडुळे आणि रंग तरी किती! काळा, काळा-निळा, जांभळा, भोपळ्याच्या सालीसारखा हिरवट, पोपटी-पिवळा, लाल. "काका, खडकवासल्याला यातले कोणते लावू?" असा त्याचा सवाल.

ही गांडुळे मुळात तिकडच्या बास नावाच्या माशासाठी. १९४९ साली ओहायओ राज्यातल्या अ‍ॅक्रन गावी निक क्रीम नावाच्या गृहस्थाने ती प्रथम घडवली आणि पुढे त्यांचा मोठाच धंदा झाला. बास हा आपल्याकडचा मासा नव्हे. पण त्याच्या स्वभावाचा एक भाऊबंद आपल्याकडे आहे, तो म्हणजे मरळ. दोघेही गवताच्या आडोशाला दबा धरून बसणारे आणि समोरून वळवळत गेलेल्या वस्तूवर झडप घालणारे.

आता पाण्याकडे वळू. आंबी, मोसी आणि मुठा या तीन नद्यांचे पाणी खडकवासल्यात येते. पावसाळ्यात ते दुधाळ चहासारखे होते आणि दिवाळीच्या सुमारास हळूहळू निवळू लागते. पाणी किती निवळले हे पाहण्याची युक्ती १८६५ साली आंजेलो सेक्की या इटालियन धर्मगुरू-शास्त्रज्ञाने रूढ केली. पांढरी तबकडी दोरीने पाण्यात सोडायची आणि ती दिसेनाशी होते ती खोली मोजायची. घरातली कान तुटकी पांढरी बशी दोरीला बांधली तरी काम भागते. हातभर खोलीवर बशी गडप झाली, तर पाणी गढूळ समजावे.

स्वच्छ पाण्यात लाल रंग सर्वांत आधी विझतो आणि निळा-हिरवा खोलवर जातो. गढूळ पाण्यात बरोबर उलटे. गाळ आणि कुजलेला पालापाचोळा निळा उजेड आधी गिळतात. उरतो तो थोडासा तांबूस, मंद उजेड. अशा उजेडात निळे गांडूळ निळे राहत नाही, काळेच दिसते. शिवाय माशाची नजर पुष्कळदा खालून वर असते. वरच्या फिकट आभाळावर काळी आकृती जशी ठळक उठते, तशी दुसरी कुठलीच उठत नाही.

म्हणून पुतण्याला मी सांगितले, "गढूळ पाण्यात काळे लाव, अंगाने जरा जाड असलेले. ते चालले नाही तर पोपटी-पिवळे. पाणी निवळले की हिरवट-तपकिरी. बाकीची डबी मिटून ठेव." याला आधारही आहे. अमेरिकेतील संशोधकांनी बास माशांना रंग ओळखायला शिकवून पाहिले आणि २०१९ साली त्याचे निष्कर्ष छापले. त्या माशांना लाल आणि हिरवा चांगला ओळखता आला. पण पोपटी-पिवळा आणि पांढरा यांत, तसेच निळा आणि काळा यांत त्यांची गल्लत झाली. म्हणजे डबीतले निम्मे रंग माशाला नव्हे, गिऱ्हाइकाला पकडण्यासाठी असतात!

काठावर एक वृद्ध कोळी जाळे दुरुस्त करीत बसले होते. डबी पाहून ते हसले. "दादा, रंगाचं काय घेऊन बसलाय? गढूळ पाण्यात मासा अंगानं ऐकतोय. हळू ओढा, पण हालतं ठेवा." शब्दाशब्दाने खरे! माशाच्या दोन्ही कुशींवर एक संवेदक रेषा असते. तिला पाण्यातली बारीकशी थरथरही कळते. डोळ्यांचे काम अडले की ही रेषा ते उचलते.

मग त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, आणि तीच मला सर्वांत मोलाची वाटते. पावसाळ्यात मरळीची पिल्ले केशरी-तांबड्या थव्याने पाण्याच्या वरच्या थरात घुटमळतात आणि आईबाप खाली पहारा करतात. थव्याजवळ काहीही आले की ते त्याच्यावर तुटून पडतात. भूक म्हणून नव्हे, राखण म्हणून. तिथे गळ टाकणाऱ्याला मासा हमखास मिळतो. पण मागे उरलेला पोरका थवा इतर माशांच्या तोंडी जातो. एका माशाच्या मोहापायी शेकडो मरळी आपण आधीच खाऊन टाकतो.

तेव्हा गळ घेऊन निघणाऱ्या घरोघरच्या तरुणांना चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात. धरणांच्या तलावांतली मासेमारी ठेक्याने दिलेली असते; आधी रीतसर परवानगी घ्या. काठचा चिखल निसरडा आणि पाणी एकाएकी खोल. एकट्याने जाऊ नका. प्लॅस्टिकचे गांडूळ कुजत नाही आणि हे पाणी साऱ्या पुण्याच्या माठात येते. तुटका तुकडाही खिशात घालून घरी आणा. आणि पाण्यावर केशरी थवा दिसला, तर डबीत कितीही रंग असोत, गळ गुंडाळून दहा पावले पुढे जा.