दिलेला हक्क परत घेता येतो काय?

हा प्रश्न महाडला नवा नाही. १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांसाठी खुले करण्याचा ठराव केला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अनुयायांसह त्या तळ्याचे पाणी प्राशन केले आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपलाच ठराव रद्द केला! हक्क उच्च न्यायालयात शाबीत व्हायला १९३७ साल उजाडावे लागले.

२४ जून २०२२ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही आपलाच १९७३ चा निवाडा फिरविला. गर्भपाताचा घटनात्मक हक्क एका दिवसात संपुष्टात आला व विषय तेथील राज्यांच्या विधिमंडळांकडे गेला. भारतात असे घडले तर काय, ही शंका तेव्हापासून अधूनमधून व्यक्त होत असते. शंका रास्त आहे. मात्र तिचे उत्तर अमेरिकेत शोधून सापडणार नाही.

तेथे केंद्रीय कायदा नव्हता, निवाडा तेवढा होता. आपल्याकडे महाराष्ट्राचे मंत्री शांतिलाल शाह यांच्या समितीच्या अहवालानंतर संसदेने १९७१ मध्येच कायदा केला. उद्या न्यायालयाने पूर्वीचे निवाडे बाजूला सारले तरी तो कायदा उरेल. कुटुंबनियोजन, वैद्यकीय व्यवसाय आणि फौजदारी कायदा हे तिन्ही विषय समवर्ती सूचीत असल्याने राज्याराज्यांत वेगळा न्याय, असेही सहसा होणार नाही.

मग गमावण्यासारखे काय आहे? पुष्कळ आहे. गर्भपात हा भारतीय न्याय संहितेच्या ८८ व्या कलमाखाली आजही गुन्हाच आहे. १९७१ चा कायदा नोंदणीकृत डॉक्टरला अपवाद म्हणून संरक्षण देतो. स्त्रीला हक्क देत नाही. हक्काची भाषा आली ती न्यायालयातून. २००९ साली त्रिसदस्य पीठाने मातृत्वाचा निर्णय घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील व्यक्तिस्वातंत्र्यात अंतर्भूत केला, २०१७ च्या नऊ न्यायमूर्तींच्या गोपनीयता निकालाने त्याला बळ दिले आणि २०२२ मध्ये अविवाहितेलाही चोवीस आठवड्यांपर्यंतची सवलत लागू झाली. हे निवाडे ढळले तर अविवाहितेची सवलत आणि चोवीस आठवड्यांनंतर रिट याचिकेचा उरणारा मार्ग, दोन्ही डळमळतील.

उलट बाजूही आहे, आणि ती आपल्या समाजाने टाळू नये. गर्भ हा २१ व्या अनुच्छेदातील 'व्यक्ती' आहे, असे एखाद्या पीठाने ठरविले तर खुद्द १९७१ चा कायदाच घटनेच्या कसोटीवर उभा राहील. आपला कायदा गर्भाला अगदीच अनोळखी मानत नाही. हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या २० व्या कलमानुसार गर्भस्थ अपत्य जिवंत जन्मल्यास त्याला वारसा मिळतो. ही अट महत्त्वाची आहे: मान आहे, पण तो जन्मावर अवलंबून.

निवाडा फिरविल्याचा गाजावाजा न करताही दिशा बदलते. ऑक्टोबर २०२३ मध्ये २६ आठवड्यांच्या गर्भवती विवाहितेला दिलेली परवानगी सर्वोच्च न्यायालयाने आठवडाभरात मागे घेतली. मध्ये दोन न्यायमूर्तींत मतभेद झाले होते. एप्रिल २०२४ मध्ये मुंबईजवळच्या चौदा वर्षांच्या अत्याचारपीडित मुलीबाबतही दिलेला आदेश परत घेतला गेला. एवढ्या गंभीर विषयात पीठागणिक उत्तर बदलावे, हे न्यायालयाच्या प्रतिष्ठेलाही शोभणारे नाही. २००८ साली मुंबई उच्च न्यायालयाने सव्विसाव्या आठवड्यातील, हृदयदोष असलेल्या गर्भाबाबतची याचिका फेटाळली. संसदेने त्याची दुरुस्ती केली ती २०२१ मध्ये. तेरा वर्षे लागली, पण लेखी नियम तर झाला: गंभीर व्यंग असल्यास वैद्यकीय मंडळाच्या निर्णयाने आठवड्यांची मर्यादा नाही. चोवीस आठवड्यांनंतर बालक जगण्याची शक्यता असताना काय करावे, हेही संसदेनेच लिहून द्यावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ते लिहिताना खासदारांनी पोलादपूर तालुक्याचा नकाशा समोर ठेवावा. गर्भातील व्यंग सामान्यतः अठरा ते वीस आठवड्यांच्या सोनोग्राफीत दिसते. नवरा मुंबईला चाकरीत, ऐन पावसाळ्यात घाटात दरड, जिल्ह्याचे ठिकाण अलिबाग शंभर किलोमीटरहून दूर. अशा घरातील सुनेचे आठवडे वाटेतच सरतात. वैद्यकीय मंडळाने तीन दिवसांत मत द्यावे, असे नियम सांगतात. ते तीन दिवस अर्ज मंडळापुढे पोहोचल्यावर सुरू होतात.